सात नंबरचं मशीन

बाई, मशीन परत आणून दिलं त्या सकाळी तुम्ही मला "काही सांगायचंय?" असं विचारलं होतं आणि मी "नाही" म्हटलं होतं. ते खोटं होतं. एवढं लिहायला मला पंचवीस वर्षं लागली, आणि तेही तुम्ही वाचायला नाही आहात म्हणून जमलं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "उशीर झाला तो झाला, आता पुढचं लिही." तर पुढचं लिहिते. आज रजा टाकली आहे, फोन बंद करून आतल्या खोलीत ठेवला आहे, आणि हे पूर्ण केल्याशिवाय उठायचं नाही असं ठरवून बसले आहे.

मंडईच्या मागच्या गल्लीत केळ्यांच्या वखारीवर तुमच्या टायपिंग क्लासच्या दोन खोल्या होत्या. जिना चढताना पिकत्या केळ्यांचा वास यायचा आणि वरून दहा मशीनांचा खडखडाट. मी खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टर्समधून यायचे. वडील कारखान्यात होते आणि मुलीला सरकारी नोकरी लागावी एवढं एकच त्यांनी देवाकडे मागितलं होतं. सरकारी परीक्षेला आपापल्या क्लासचं मशीन टेम्पोत घालून केंद्रावर न्यावं लागायचं. तुम्ही म्हणायचात, प्रत्येक मशीनचा हात वेगळा असतो, तो अंगवळणी पडायला हवा. म्हणून परीक्षेआधी दोन-तीन महिने तुम्ही प्रत्येकीला एक मशीन ठरवून द्यायचात. मला सात नंबर मिळालं होतं. आणि दिवाळीच्या सुट्टीत क्लास बंद असायचा तेव्हा ज्यांच्यावर तुमचा विश्वास होता अशा दोघी-तिघींना तुम्ही मशीन घरी न्यायला द्यायचात. त्या वर्षी त्यात मी होते. माझ्या आईने ही गोष्ट अख्ख्या क्वार्टर्समध्ये सांगितली होती.

मशीन नेण्याचे तुमचे नियम कुठे लिहिलेले नव्हते, पण सगळ्यांना पाठ होते. जिन्यावरून आपल्याच हातांनी उतरवायचं. वडील, भाऊ जो कोण आला असेल त्याने खाली रिक्षाजवळ थांबायचं. घरी जमिनीवर ठेवायचं नाही. झाकण घातल्याशिवाय उठायचं नाही. पुढे कोणाला द्यायचं नाही: "तुला दिलंय, तुझ्या गल्लीला नाही." आणि परत आणायचं ते क्लास उघडण्याच्या आदल्या दिवशी, मागायची वेळ आणायची नाही. आपलीच वस्तू मागताना लाज वाटते ती देणाऱ्याला, घेणाऱ्याला कधी वाटत नाही, हे तुमचं म्हणणं मी पुढे आयुष्यभर पडताळून पाहिलं आहे. माझ्या ऑफिसात माझा फोनचा चार्जर गेले सहा महिने एका मुलाच्या टेबलावर आहे. मी मागितला की तो "अरे सॉरी मॅम, राहूनच गेलं" म्हणतो आणि परत राहूनच जातं. दर वेळी ओशाळते ती मी.

परत आणलेलं मशीन तुम्ही तपासायचा नाहीत. नेणारीने ते टेबलावर ठेवायचं, खुर्चीत बसायचं, कागद लावायचा आणि आपल्या मनाने एक ओळ टाइप करायची. तुम्ही खिडकीकडे तोंड करून उभ्या राहायचात. कागद बघायचाच नाहीत, नुसता आवाज ऐकायचात. ओळ संपली की विचारायचात, "काही सांगायचंय?" मग कोणी सांगायची, रिबन फाटली, कोणी सांगायची, झाकणावर चहा सांडला. एकीने तर रोलरची मूठच तोडून आणली होती. तुम्ही प्रत्येक वेळी फक्त "बरं" म्हणालात आणि तो विषय तिथे संपला. सांगणारीला तुम्ही कधी बोललेलं मी पाहिलं नाही. हे मला माहीत होतं, बाई. म्हणून तुमची भीती वाटली असं मी म्हणू शकत नाही.

झालं असं. आमच्या शेजारी एक काका राहायचे, वडिलांच्याच कारखान्यात. त्या दिवसांत बातमी होती की सरकार असे कारखाने आता चालवणार नाही, खाजगीवाल्यांना देणार. खरं-खोटं कोणाला ठाऊक नव्हतं, पण कामगारांच्या बैठका चालल्या होत्या आणि काकांना साहेबांकडे द्यायचं निवेदन टाइप करून हवं होतं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ते आमच्या दारात आले. "मीच करून देते," असं मी म्हणायला हवं होतं. तेवढा अर्ज मला तासाभराचा होता. पण काका म्हणाले, "आमच्याकडे टायपिंग येणारा एक जण आहे, बसून मजकूर ठरवत ठरवत करायचंय, दोन दिवस मशीनच दे." आणि मी दिलं. का दिलं याची मी बरीच कारणं शोधली. वडिलांचा प्रश्न होता, काका मोठे होते, नाही कसं म्हणायचं. ही सगळी खरी कारणं आहेत, पण त्यांच्या मुळाशी एवढंच होतं की एक मोठा माणूस माझ्याकडे काहीतरी मागायला आला होता आणि द्यायला मला भारी वाटलं. दुसऱ्याच्या वस्तूवर उदार होणं फार सोपं असतं.

दोन दिवसांचे चार झाले. काकांनी मशीन स्कूटरवर पुढे उभं ठेवून आणलं आणि आमच्या दाराबाहेर, चपला असतात तिथे ठेवून दिलं. "मस्त चालतंय," म्हणाले आणि गेले. दिसायला काही झालेलं नव्हतं. मी एक परिच्छेद टाइप केला, ठीक होता. पूर्ण पान केलं तेव्हा खाली खाली येताना कागद घेऊन सरकणारं ते कॅरेज मध्येच एक घर जास्त उडी मारायला लागलं. दोन शब्दांत एका रिकाम्या जागेऐवजी दोन. एका पानात तीनदा, दुसऱ्या पानात पाचदा. मशीन गार असलं की शहाण्यासारखं चालायचं, तापलं की घसरायचं. आणि परीक्षेत प्रत्येक जास्तीची जागा म्हणजे एक चूक.

आता मला परत आणून द्यायचा दिवस आठवतो तो असा: मी खुर्चीत बसले आहे, तुम्ही पाठमोऱ्या आहात, तुमच्या वेणीला तुम्ही तेव्हाही काळी रिबन बांधायचात ती मला दिसते आहे. मी एक ओळ टाइप करते. काय टाइप केलं ते आठवत नाही. एका ओळीत हे मशीन घसरणार नाही हे मला पक्कं माहीत आहे. आवाज अगदी स्वच्छ येतो. तुम्ही वळता आणि विचारता. मी "नाही" म्हणते. तुम्ही "बरं" म्हणता, इतरांना म्हणता तसंच.

इथवर थांबले असते तर गोष्ट मशीनची राहिली असती. पण परीक्षा मलाही द्यायची होती. दोन दिवसांनी मी तुमच्याकडे आले आणि म्हटलं, "बाई, सात नंबर मला जड जातंय, बोटं दुखतात. चार नंबर मिळेल का?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत, "दिवाळीत फराळ कमी खाल्लास वाटतं," म्हणालात आणि चार नंबर दिलंत. सात नंबर वाघोलीच्या ताईंना गेलं, कारण त्या उशिरा आल्या होत्या आणि त्यांना ठरलेलं मशीन नव्हतं. त्या मूळच्या विदर्भातल्या, नवरा नगर रोडच्या एका कारखान्यात. वाघोली तेव्हा गावच होतं. पदरात लहान मुलगी, आणि दोन बस बदलून त्या मंडईत यायच्या. सरकारी भरतीसाठी त्यांच्या वयाचं ते शेवटचं वर्ष होतं. हे त्या लपवायच्या नाहीत, क्लासमधल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

त्यांना बस गाठायची असायची म्हणून त्या अर्धाच तास बसायच्या. तरी शेवटच्या पाच-सात मिनिटांत जागा जास्त पडायला लागायच्या. त्यांना वाटायचं, शब्दांमधली जागा सोडायच्या लांब पट्टीवर आपला अंगठा जड पडतोय. तुम्ही त्यांच्या मागे उभं राहून सांगितलंत, "अंगठा हलका ठेवा, पट्टीवर झोपवू नका." मग त्या अंगठ्याने नुसता हवेत सराव करत बसायच्या, पट्टीला न लावता, पुन्हा पुन्हा. मी दोन टेबलं सोडून चार नंबरवर बसलेली होते. माझं टायपिंग त्या आठवड्यात फार छान होत होतं.

मी पास झाले. त्या चुकांमध्ये गेल्या, थोडक्यात गेल्या. निकालाच्या दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा तुम्ही सात नंबरवर बसला होतात आणि टेबलावर टाइप केलेल्या पानांचा गठ्ठा होता. तुम्ही सगळ्यांसमोर ताईंना म्हणालात, "तुमचा अंगठा बरोबर होता. दोष मशीनचा आहे, म्हणजे माझा. मी ते पानभर चालवून बघायला हवं होतं." क्लासमध्ये पाच-सहा जणी होत्या. खरं ठाऊक असलेली त्यात मी एकटीच. ताई उठल्या आणि जिना उतरल्या; तुम्ही त्यांच्या मागे गेलात. मी माझं दप्तर आवरलं आणि तुम्ही वर यायच्या आत दुसऱ्या खोलीतून मागच्या जिन्याने बाहेर पडले.

पुढच्या दिवाळीला क्लासच्या दारावर पाटी आली. "मशीन घरी नेण्यास मिळणार नाही. कारण विचारू नये." लोक हसले, पुण्यात पाट्यांना हसतातच. मी ती वाचली आणि ठरवून टाकलं की तुम्हाला कळलं आहे. त्यानंतर मला एका कॉम्प्युटर कंपनीत डेटा एन्ट्रीचं काम लागलं. सरकारी नोकरी नव्हे, तरी वडील खूश होते, आणि मी तुमच्याकडे पेढे घेऊन आले. तुम्ही सगळे पेढे ताटलीत काढून घेतलेत आणि रिकामा डबा माझ्या हातात ठेवलात. म्हणालात, "घेऊन जा. लोकांच्या वस्तू घरात राहिल्या की मला चैन पडत नाही." मी घरी येईपर्यंत ते वाक्य उलटंपालटं करत होते. तुम्हाला माहीत आहे, तुम्ही मला टोमणा मारलात, म्हणजे तुम्ही माझा हिशोब केलात आणि मला शिक्षा झाली, असं मी धरलं. शिक्षा झालेल्या माणसाला कबूल करायला काही उरत नाही. इतकी वर्षं मी त्या एका वाक्यावर निवांत राहिले.

मधल्या काळात तुमचा क्लास बंद झाला. लक्ष्मी रोडला दर चार दुकानांमागे एक कॉम्प्युटर क्लास निघाला होता आणि मशीनचा आवाज ऐकून पोरं हसायला लागली होती. तुम्ही गेलात तेव्हा मी कंपनीच्या कामाने परदेशी होते. डेटा एन्ट्रीतून मी टेस्टिंगमध्ये गेले होते. दुसऱ्यांनी केलेलं सॉफ्टवेअर खूप वेळ चालवून बघायचं, ते कुठे घसरतं ते शोधायचं आणि न चुकता कळवायचं, हे काम. त्यात माझं नाव चांगलं आहे, बाई. पंधरा वर्षांत मी एकही चूक दडवलेली नाही. हे सांगून मला काय मिळवायचंय ते तुम्हाला कळलं असतं.

पाच वर्षांपूर्वी आम्ही वाघोलीत फ्लॅट घेतला. आता तिथे गाव शोधावं लागतं. कॉलेजं, टॉवर, आणि रस्त्यावर दिवसभर गाड्या तुंबलेल्या. शेजारणीने सांगितल्यावरून मी एका खाणावळीतून डबा सुरू केला. दोन महिन्यांनी पैसे द्यायला स्वतः गेले तर गल्ल्यावर ताई बसल्या होत्या. केस पिकलेले, चेहरा तोच. त्यांनी मला ओळखलं नाही. मी पैसे दिले आणि परत आले. डबा बंद केला नाही. रोज दुपारी ऑफिसात त्यांच्या हातची भाजी खात होते आणि रोज ठरवत होते की या आठवड्यात सांगायचं. असं तीन वर्षं चाललं.

गेल्या रविवारी गेले. दुपारची गर्दी संपली होती, ताई मागच्या ओट्यावर लसूण सोलत होत्या. मला बघून म्हणाल्या, "काय मॅडम, डब्यात काही कमीजास्त झालं का?" मी बसले नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं: मी कोण, सात नंबर, काका, स्कूटर, माझं "नाही", चार नंबर मागून घेणं. काकांवर ढकलायची मनाची तयारी करून गेले होते, पण ढकललं नाही, एवढं माझ्या बाजूने लिहून ठेवते. त्या सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, "निकाल लागेपर्यंत मी या अंगठ्याला शिव्या घातल्या. अन् नंतर बाईले." इतकी वर्षं पुण्यात राहून त्यांची भाषा इथली झाली आहे, पण राग आला की माहेरची वर येते.

"मी बाईले लय बोलली, मॅडम. त्या माझ्या मागं जिन्यात आल्या न, तिथंच. खालचे वखारीवाले ऐकून राहिले होते. म्हटलं, भंगार ठेवून क्लास चालवता, आमची जिंदगी गेली तुमच्या भंगारात. त्या नुसत्या उभ्या होत्या." मग त्यांनी सुरी खाली ठेवली. "एक विचारलं होतं मी त्यांना. म्हटलं, दिवाळीत हे मशीन त्या खडकीच्या पोरीकडं होतं न, तिनं तर नाही काही केलं? तवा त्या चिडल्या. तेवढ्या एकदाच चिडल्या. म्हणाल्या, 'ती मुलगी सांगितल्याशिवाय राहायची नाही. तिच्यावर जाऊ नका. मशीन माझं आहे.'"

मी विचारलं, असंच म्हणाल्या? त्या म्हणाल्या, "असंच. त्या आजारी होत्या तवा निरोप आला होता मले. मी गेली नाही. आता मी कोणाले जाऊन सांगू?" मी म्हटलं, ताई, मला माफ करा. त्या उठल्या, लसणाची परात उचलली. "डबा उद्या येईल. धंद्याचं वेगळं आहे. पण मी माफ केलं असं म्हणू नका कोणाला." आणि आत गेल्या. दुसऱ्या दिवशी डबा आला. भाजी नेहमीसारखीच होती.

म्हणजे तुम्हाला माहीत नव्हतं. पाटी माझ्यासाठी नव्हती. तुमचा तुमच्या मशीनांवरचा भरवसा उडाला होता, एवढंच. पेढ्यांच्या डब्याचं वाक्य टोमणा नव्हता. तुम्ही सगळ्यांना तसंच म्हणायचात आणि मला ते माहीत असायला हवं होतं. मी तुमच्याकडून यंत्र नेलं ते बिघडवून का होईना परत तरी दिलं. विश्वास नेला, तो परत आलेला नाही हे तुम्हाला शेवटपर्यंत कळलंच नाही. आणि ताईंच्या मनातून तुमचं चांगलं नाव नेलं, ते आता मी त्यांच्यापुरतं परत केलं आहे, पंचवीस वर्षं वापरून झाल्यावर.

त्यांच्यापुरतं केलं म्हणून भागत नाही. आपल्या त्या बॅचच्या बायकांचा फोनवर एक ग्रुप आहे. त्यात अधूनमधून तुमची आठवण निघते आणि कोणीतरी हमखास लिहितं, "बाईंची ती खटारा मशीनं, बिचाऱ्या वाघोलीच्या ताईंचा निकाल घालवला." मग सगळ्या हसतात. मीही हसणारे चेहरे टाकले आहेत, एकदा नव्हे, तीनदा. हे पत्र संपलं की आतून फोन आणणार आहे आणि ग्रुपवर सगळं लिहिणार आहे, माझं नाव घालून, काकांचा उल्लेख एका ओळीत आणि चार नंबरचा सविस्तर. कोणी काय म्हणेल याची मनात उजळणी करून झाली आहे. मी ते लिहिणारच.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून यात एक गोष्ट लिहिता येते, जी ग्रुपवर लिहिणार नाही आणि ताईंना तर कधीच सांगणार नाही. "ती मुलगी सांगितल्याशिवाय राहायची नाही," हे तुमचे शब्द मी त्या ओट्याजवळ उभी राहून ऐकले. लाज वाटली, रडूही आलं, पण ते नंतर. सगळ्यात आधी, बाई, मला फार बरं वाटलं होतं की तुम्ही माझ्याबद्दल इतकं चांगलं बोलला होतात.